लाल ठिपक्यांची वाडी

आमच्या गावची प्रभागरचना अबुधाबीत झाली, माझ्या शेजारच्या टेबलावर. कोणाला सांगितलं तर लोक हसतात. मीसुद्धा आधी हसलो होतो.

गाव कोकणातलं, खाडीकाठचं. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वर बाजारपेठ, खाली आमची वाडी, आणि दोहोंच्या मधून वाहणारा ओढा, ज्याला आम्ही पऱ्या म्हणतो. बाजारातल्या हॉटेलांचं, मटणाच्या दुकानांचं सगळं पाणी त्या पऱ्यात उतरतं आणि पावसाळ्यात आमच्या विहिरींपर्यंत येतं. लहानपणी आम्हाला त्या वासाची इतकी सवय होती की वास नसला की चुकल्यासारखं व्हायचं.

माझ्या थोरल्या बहिणीला त्या वासाची सवय झाली नाही. ताई एस.टी.त कंडक्टर होती. गुडघे गेले तेव्हा तिने नोकरी सोडली आणि वाडीतल्या आमच्या घरी येऊन राहिली. लग्न तिने केलं नाही, आणि का नाही केलं हे तिला विचारायची कोणाची छाती झाली नाही. घरी बसल्यावर तिने गटाराचा आणि वाडीच्या नळाच्या पाण्याचा विषय हातात घेतला. अर्ज, उपोषण, मुख्याधिकाऱ्यांच्या दारात ठिय्या, सगळं केलं. एकदा निवडणुकीला अपक्ष उभी राहिली आणि थोडक्यात पडली. पुढे नगरपंचायतीची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, प्रशासकाने कारभार चालवला. तेवढी वर्षं ताई रोज उठून कुठल्या ना कुठल्या कार्यालयात जातच होती. तिचा स्वभाव गोड नाही. बोलते ती गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. तरी निवडणुका लागणार अशी बातमी आली, तेव्हा खालच्या वाडीत दुसऱ्या कोणी अर्ज भरायचा विचारही केला नाही. ताई निवडून येणार हे वाडीला माहीत होतं. बाजारपेठेलाही माहीत होतं.

मी इकडे एका इंजिनियरिंग कन्सल्टन्सीत नकाशे करतो. शहराखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या वाहिन्या कुठून कुठे जातात, कुठे किती उतार, कुठे मॅनहोल, ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम. माझ्या शेजारी बसतो तो मुलगा मराठीच, पण अबुधाबीत जन्मलेला. त्याचे वडील इथल्या एका बँकेत आयुष्यभर नोकरी करून आता निवृत्तीला आलेले. आम्ही दोन्ही कुटुंबं खलिफा सिटीत राहतो, एकमेकांकडे जेवायला जातो. मुलगा मला काका म्हणतो आणि त्यापुढचं सगळं इंग्रजीत बोलतो. आपण मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चालत आलंय. हुशार आहे. मला जे काम करायला आठवडा लागतो ते तो जेवणाच्या सुट्टीआधी संपवतो. आयुष्यात त्याने एकदाही मत दिलेलं नाही. इथे तो प्रश्नच येत नाही, आणि तिकडे त्याचं नाव कुठल्या यादीत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा एक शाळासोबती कसल्याशा उद्योजकांच्या शिष्टमंडळाबरोबर इकडे आला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता तो तालुक्यातला मोठा पुढारी आहे. मागच्या नगरपंचायतीत त्याची बायको होती, मेहुणा होता, आणि बाकीचे त्याला विचारल्याशिवाय हात वर करत नव्हते. त्याला जेवायला बोलावणं भाग होतं. बायकोने सुरमई तळली, सोलकढी केली. सोबत म्हणून त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांनाही बोलावलं.

जेवता जेवता शाळासोबती म्हणाला, "तू नकाशाचंच काम करतोस ना रे? मग आमचं एक काम कर. प्रभागरचना आलीय."

"ते मुख्याधिकाऱ्यांचं काम," मी म्हणालो.

"मुख्याधिकारी सही करतो. त्याच्या कार्यालयात एक इंजिनियर, तोही तीन गावं सांभाळतो. कोणीतरी आयता कच्चा नकाशा नेऊन दिला तर तो पाया पडेल."

"आणि नेऊन देणार तू."

"मग काय विरोधक देणार?" तो मोठ्याने हसला. "अरे, सगळीकडे असंच होतं. आमच्या हातात नसतं तेव्हा ते करतात."

मी म्हणालो, माझी बहीण उभी राहणार आहे, मला यात ओढू नकोस. त्यावर तो लगेच म्हणाला, "ताईंबद्दल मला आदरच आहे." आणि त्याने विषय बदलला. पण तो मुलगा इतका वेळ कान देऊन ऐकत होता. त्याने विचारलं की रेघ कुठून न्यायची हे ठरवतात कसं. शाळासोबत्याने त्याला हिंदी, मराठी, इंग्रजी मिसळून छान समजावलं: लोकसंख्या साधारण सारखी हवी, रस्ता, ओढा, डोंगर अशी नैसर्गिक हद्द शक्यतो ओलांडायची नाही, वस्ती शक्यतो फोडायची नाही. "शक्यतो" हा शब्द तो दोन्ही वेळा हसून म्हणाला. निघताना त्याने मुलाचा नंबर घेतला. माझ्या डोळ्यांसमोर घेतला. मला वाटलं, पुढाऱ्यांची सवय असते.

जुलै संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मुलाने मला हाक मारली. "काका, कम, कम. युअर टाऊन!"

त्याच्या स्क्रीनवर आमचं गाव होतं. खाडी, पूल, बंदराकडचा रस्ता, सगळं वरून दिसत होतं, आणि प्रत्येक घरावर एक ठिपका. हिरवे, लाल, थोडे पिवळे. त्यांच्यामधून जाड काळ्या रेघा. मला आधी आनंदच झाला, खोटं का सांगू. इतक्या दूर, एसीत बसून आपलं गाव असं कोणी उघडून दाखवलं की बरं वाटतं. मी बोट ठेवून म्हणालो, "हे आमचं घर."

"रिअली? कूल!"

"मग लाल का?"

तो सहज म्हणाला की हिरवे म्हणजे आपले, पिवळे म्हणजे सांगता येत नाही, लाल म्हणजे आपले नाहीत. पुढाऱ्याच्या माणसांनी घराघरातली मतं रंगवून यादी पाठवली होती, ती याने नकाशावर बसवली होती. पऱ्याच्या खालची आमची वाडी अख्खी लाल होती. आणि त्या लाल वाडीतून दोन काळ्या रेघा गेल्या होत्या. एक तुकडा पऱ्या ओलांडून बाजारपेठेला जोडलेला. दुसरा शाळेकडच्या नव्या कॉलनीला. तिसरा, ज्यात आमचं घर, तो खाडीपलीकडच्या वस्तीला, जिथे जायला पूल चढून वळसा घालावा लागतो. प्रत्येक प्रभागात लाल ठिपके होते, आणि प्रत्येक प्रभागात हिरवे त्यांच्याहून थोडे जास्त होते. काम सुबक होतं. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, मला कळतं.

"हे तू केलंस?"

त्याने मान डोलावली. त्याला शाबासकी हवी होती.

मी त्याला मराठीतच झापलं. ही वाडी आहे, ही माणसं एका विहिरीवर पाणी भरतात, एकाच्या घरी कोणी गेलं तर सगळ्या वाडीत चूल पेटत नाही, ती तू तीन ठिकाणी वाटलीस. तो गोंधळला. रागावला नाही, गोंधळला. म्हणाला की लोकसंख्या सारखी आहे, नियमात बसतंय, इट्स जस्ट जॉमेट्री, काका. आणि मग अगदी निरागसपणे म्हणाला की इथे कोणी मत देत नाही आणि गटारं वाहतात. तिकडे सगळे मत देतात आणि गटारं तुंबतात. मग एवढं काय त्या मताचं?

आमच्या बिल्डिंगखाली पाणी साचलं की मी मोबाईलवर फोटो टाकतो आणि दुपारपर्यंत गाडी येते. मला कोणी विचारत नाही, मीही कोणाला विचारत नाही. इतकी वर्षं मी हा सौदा चांगलाच मानत आलो होतो. मी माझ्या टेबलावर परत गेलो.

पंधरवड्यात तोच नकाशा गावच्या नोटीस बोर्डावर लागला. ठिपके पुसलेले होते, रेघा त्याच. ताईने फोटो पाठवला आणि फोन केला.

"बघितलास? पऱ्या ओलांडून प्रभाग नेलाय. आंधळ्याने काढला तरी इतका वाईट यायचा नाही."

मी तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "तुझ्याकडे जेवला तो. सुरमई खाऊन गेला." एवढंच.

हरकती घ्यायला मुदत होती. ताईने वाडीतून घरोघर सह्या गोळा केल्या. मी रजा काढून गावी जायचं ठरवलं आणि दुसरा नकाशा तयार केला, वाडी अखंड ठेवून. अवघड नव्हतं. पऱ्याला धरून रेघ नेली की काम झालं. आणि मला तो ठिपक्यांचा नकाशाही हवा होता. तो सुनावणीत ठेवला असता तर रेघ का तशी गेली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी त्या मुलाकडे फाईल मागितली. तो "शुअर, काका" म्हणाला.

फाईल आली नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये त्याचे वडील माझ्या गाडीपाशी उभे होते. ऑगस्टची उमस, चष्म्यावर वाफ धरलेली, तरी ते आत यायला तयार नव्हते.

"त्याने हे बाहेरचं काम केलं," ते म्हणाले. "ऑफिसच्या मशीनवर, ऑफिसचं सॉफ्टवेअर. परमिट नाही, काही नाही. तुम्हाला माहीत आहे इथे काय होतं. एक तक्रार गेली की खलास. नोकरी जाईल, व्हिसा जाईल. तो जन्मला इथे. कुठे पाठवू मी त्याला? त्या तुमच्या गावात?"

"मग त्याने केलं कशाला?"

"कौतुक केलं कोणीतरी. पहिल्यांदाच भारतातून कोणीतरी म्हणालं, तू आपला माणूस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने पाहुण्याचं घर जाळू नये."

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, आणि दयेचा जास्त राग आला. घरी येऊन ताईला फोन केला. माझ्याकडे फाईल नसली तरी मुलाचं नाव होतं, फाईलबद्दलचे त्याचे मेसेज होते. मी म्हणालो, तू सांगशील तसं करतो.

ती म्हणाली, "त्या पोराचं नाव घ्यायचं नाही."

"मग सिद्ध कसं करणार?"

"पोराला देशोधडीला लावून मी नगरसेविका होऊ? नकाशा वाईट आहे तो वाईट आहे. तो कोणी काढला हे कशाला सांगायला हवं? बघणाऱ्याला डोळे आहेत ना?"

ताईचा तेव्हा बघणाऱ्यांवर विश्वास होता.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. बाहेर व्हरांड्यात सगळ्या तालुक्यांतली माणसं आपापले नकाशे गुंडाळून उभी होती. मला बरं वाटलं ते पाहून, आणि वाईटही. म्हणजे हे फक्त आमचंच नव्हतं. राज्यभर असेच लोक कुठल्या ना कुठल्या व्हरांड्यात उभे असणार. आमचा नंबर आला. अधिकारी सभ्य होते, त्यांनी बसा म्हटलं. मी नकाशा उलगडून बोलायला लागलो तेवढ्यात शाळासोबत्याच्या वकिलाने विचारलं, "आपण इथले मतदार आहात का?"

मी म्हणालो, "मी इथलाच आहे."

"मतदार आहात का?"

नव्हतो. वर्षानुवर्षं बाहेर राहिल्यावर यादीतून नाव गेलं होतं आणि परत घालायला मी कधी गेलो नव्हतो. अधिकाऱ्यांनी मला हाताने थांबायची खूण केली. मग ताई उभी राहिली. पऱ्याबद्दल बोलली, पुलाबद्दल बोलली. सगळं मुद्देसूद. शेवटी म्हणाली, "साहेब, एक सांगू? ज्यांना निवडून यायचंय त्यांच्या हातात ही रेघ देऊ नका. राज्यात यासाठी वेगळी माणसं नेमा, ज्यांचा कोणाशी संबंध नाही. त्यांनी कसा काढला, का काढला, हे लोकांपुढे मांडू दे. नाहीतर आम्ही मत देतो कशाला? निकाल आधीच लागलेला असतो."

अधिकारी म्हणाले, "ताई, तुमचं पटतं मला. पण तो कायद्याचा विषय झाला. इथे फक्त हद्दीवर बोला."

"हद्दीवरच बोलतेय."

"नोंद घेतली."

अंतिम नकाशा आला तेव्हा त्यात एक बदल होता: बाजारपेठेतलं एक देऊळ एका प्रभागातून दुसऱ्यात गेलं होतं. ती हरकत शाळासोबत्याच्याच माणसाची. कायदा बदलायचा तर आमदाराकडे जा, असं ताईला कोणीतरी सांगितलं, तेव्हा ती गेली. आमदार शाळासोबत्याच्याच पक्षाचा. त्याने चहा पाजला आणि असे नकाशे सगळेच काढतात असं समजावून सांगितलं. ज्यांनी त्या रेघांवर निवडून यायचं त्यांच्याकडेच त्या रेघा बदलायचा कायदा मागायला जायचं, हे तिला चहा पिताना लक्षात आलं, असं ती नंतर म्हणाली. एका वकिलाला घेऊन कोर्टातही गेली. तोवर कार्यक्रम जाहीर झाला होता. एकदा निवडणुकीची प्रक्रिया सुरू झाली की मध्ये हात घालता येत नाही, असं तिला सांगण्यात आलं. आधी गेली असती तर अजून नकाशा अंतिम झालेला नाही म्हणाले असते. त्या दोन्हींच्या मधली जागा किती रुंद होती कोणास ठाऊक.

तरी ती उभी राहिली. खाडीपलीकडच्या वस्तीत दारोदार फिरली, त्या गुडघ्यांनी पूल चढत-उतरत. तिथल्या लोकांनी तिला पाणी दिलं, बसायला दिलं, आणि मत त्यांच्यातल्याच माणसाला दिलं. त्यांचं काय चुकलं? त्यांना आमचं गटार दिसत नाही, आम्हाला त्यांचा फुटका बांध दिसत नाही. वाडीच्या तिसऱ्या हिश्श्याने ताईला भरभरून मतं दिली आणि ती पडली. बाकीच्या दोन तुकड्यांत बाजारपेठेचे आणि कॉलनीचे उमेदवार निवडून आले. निकालाच्या दिवशी मी ऑफिसात फोन लपवून आकडे बघत होतो. शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, डिड आंटी विन?"

मी म्हणालो, "नाही."

"सॉरी," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण. नंतर त्याच्या आईकडून कळलं की शाळासोबत्याने त्याला आणखी दोन गावांचं काम देऊ केलं होतं. वडिलांनी त्याला हात जोडून थांबवलं. आम्ही आता एकमेकांकडे जेवायला जात नाही. ऑफिसात मात्र शेजारीच बसतो, आणि त्याला अडलं की मी सांगतो, मला अडलं की तो.

आमच्या वाडीतले दोन सख्खे भाऊ इथल्या मुसफ्फाच्या कामगारवस्तीत राहतात, बांधकामावर परांची बांधतात. रविवारी कधी मी त्यांना भेटायला जातो. निकालानंतर गेलो तेव्हा धाकटा एकटाच खाली आला. थोरला कुठे विचारलं तर म्हणाला, "वर आहे. आमचं बोलणं नाही."

कारण विचारलं तर आधी टाळलं. मग चहावाल्याच्या बाकड्यावर बसल्यावर बोलला. गावात दोघांची घरं समोरासमोर, मधून पायवाट. ती पायवाट आता हद्द झाली होती. धाकट्याचं घर बाजारपेठेच्या प्रभागात गेलं. तिथल्या नव्या नगरसेवकाने निवडून आल्या आल्या त्या ओळीला बाजाराच्या लाईनवरून नळ दिले. थोरल्याच्या बाजूला काही नाही. थोरल्याची बायको हंडा घेऊन आली, तेव्हा धाकट्याच्या बायकोने तिला सांगितलं की हे आमच्या प्रभागाचं पाणी आहे, तुमच्या नगरसेवकाकडे मागा. दोन जावा, एका घरात नांदलेल्या. तिथून फोनाफोनी झाली, आणि इकडे एका खोलीत वरखाली बंकवर झोपणारे दोन भाऊ बोलायचे थांबले.

"तू मत कोणाला द्यायला सांगितलंस घरी?" मी विचारलं.

"दादा, खोटं कशाला बोलू?" तो खाली बघत म्हणाला. "त्यालाच. ताई आमच्या प्रभागात नव्हतीच. आणि असती तरी... ताईने इतकी वर्षं भांडून पाणी नाही आलं. त्याच्याकडून आलं." मग घाईघाईने म्हणाला, "ताईंना सांगू नका."

मी चहाचा कागदी कप चुरगळून टाकला. त्याला काय सांगणार होतो? की तुझ्या घरावर कोणीतरी लाल ठिपका ठेवला होता, म्हणून तुला पाणी मिळालं, तू हिरवा व्हावास म्हणून? पाणी खरं होतं. त्याच्या बायकोच्या कमरेवरचा हंडा उतरला होता.

सांगू नका म्हणाला होता, पण ताईपासून मी कधी काही लपवू शकलेलो नाही. रात्रीच्या जेवणाआधी फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, त्या भावांना शिव्या देईल, निदान नगरसेवकाला तरी.

तिने विचारलं, "रोज येतं पाणी?"

"रोज येतं म्हणाला."

"दाब असतो का?"

"असतो म्हणाला. सकाळी भरपूर."

तिने फोन ठेवला. जेवलास का, हे विचारल्याशिवाय ती कधी ठेवत नाही.